चार बोटं उंच

शेडबाहेर चिखलात उकिडवा बसून तो पिकअपच्या एकेका चाकावरून हात फिरवत होता. टायर म्हणावं असं त्यात काही राहिलं नव्हतं. नक्षी पार झिजून टक्कल पडलं होतं आणि मागच्या डाव्या चाकातून तर आतला दोरा बाहेर डोकावत होता. ओढ्यावरचा पूल खचल्यापासून सगळ्या गाड्या माळावरच्या दगडगोट्यांच्या वाटेने जायच्या. उरलंसुरलं रबर त्या वाटेने खाल्लं होतं.

पाऊस मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. शेडमध्ये मिरचीची, वांग्याची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये दाटीवाटीने उभी होती. रोप लावणीला आलं की ते कुणासाठी थांबत नाही. दोनचार दिवस जास्त झाले की उगाच उंच वाढतं, बारीक होतं आणि मान टाकतं. मग गिऱ्हाईक ट्रे हातात घेऊन नुसतं बघतं आणि खाली ठेवतं.

रोपवाटिका सासऱ्यांची होती, गाडीही त्यांचीच. त्याच्या स्वतःच्या घरी भाऊ पुष्कळ आणि जमीन हातरुमालाएवढी. इकडे एकुलती एक मुलगी आणि कामाला माणूस नाही. लग्नाचं वर्ष सरायच्या आत तो बायकोच्या घरी राहायला आला आणि त्या दिवसापासून सगळ्या गावाचा जावईबापू झाला. दुकानदार जावईबापू म्हणायचा, शाळेत जाणारी पोरंही जावईबापू म्हणायची. हाक आदराची होती, पण तिच्या शेपटाला जरासं हसू चिकटलेलं असायचं आणि ते त्याला बरोबर ऐकू यायचं.

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. शेडमधल्या शेवाळावरून पाय घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर ते पाय प्लास्टरमध्ये अडकवून पडून असायचे आणि तिथूनच अंगणातला आवाज न् आवाज टिपायचे. दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी त्यांनी गाडीची किल्ली उशीखालून काढून त्याच्या हातात दिली होती. "तोवर तुम्ही बघा," एवढंच म्हणाले होते.

"टायरचं काय झालं?" त्या सकाळी त्यांनी विचारलं.

"एजन्सीत त्या साइजचे नाहीत, अण्णा. गाडी जुनी आहे. मागवावे लागतील म्हणतो."

"मग मागवायला सांगा. तोवर भाड्याचा टेम्पो बघा. पण साइज तीच हवी. भलतंच काही गळ्यात मारत असेल तर घेऊ नका."

"नाही घेत."

हे तो मनापासून बोलला होता. पण टायरवाल्याच्या दुकानापुढे खडीमशीनवाल्याची एक मोडीत काढलेली जीप उभी होती. तिचे टायर जवळजवळ नवे होते. काळेभोर, रुंद, बोट आत जाईल एवढ्या खोल खाचांचे. टायरवाला मोठा बोलका माणूस होता.

"रिंग तुमचीच राहते की. रबर फक्त जरा उंच. चार बोटं समजा."

"घासणार नाहीत ना?"

"घासले तर थोडे घासतील, मग आपोआप जागा करून घेतील. जावईबापू, त्या माळावरच्या वाटेला असलीच गाडी पाहिजे. लोक बघत राहतील."

आता टायरवाल्याच्या बोलण्याला तो भुलला असं म्हणता येणार नाही. माल खपवायला माणूस काय बोलतो हे त्याला कळत होतं. पण या घरात आल्यापासून त्याने स्वतःच्या डोक्याने एकही गोष्ट ठरवली नव्हती. बी कुठलं घ्यायचं, मजुरी किती द्यायची, गाडी कुठे लावायची, सगळं अण्णांचं. तो फक्त हो म्हणायचा. ते टायर बघताना त्याला आपणच त्या गाडीत उंचावर बसून गावातून चाललोय असं दिसलं आणि तोंडातून शब्द निघून गेला, "बसवा."

चारही चाकं बदलली. स्टेपनीचं जुनं, बुटकं चाक मात्र तसंच मागे लटकत राहिलं. त्याला कुणी हात लावला नाही.

गाडी अंगणात शिरली तेव्हा बायको ट्रेमध्ये खत भरत होती. हात कोपरापर्यंत माखलेले, कपाळावरही एक पट्टा. तिने मान वर केली आणि हसली.

"अगं बाई! हिने तर टाचा उंच केल्या."

"बघ तर खरी."

"बघतेय. आईला आत बसायला शिडी लावावी लागेल."

सासूबाई दारात आल्या, गाडीकडे बघून आत गेल्या. आणि खिडकीतून अण्णांचा आवाज आला, "आले का टायर?"

"आले."

"आवाज वेगळा येतोय."

"नवे आहेत ना."

"त्याच साइजचे?"

तो खिडकीखालीच उभा होता. मान जरा वर केली असती तर अण्णांचा चेहरा दिसला असता. त्याने केली नाही.

"हो. त्याच."

बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ट्रेमध्ये हात घातला.

दुसऱ्या दिवशी माल भरायला गाडी शेडमध्ये घालू लागला तर टपाची कड आडव्या पाइपाला जाऊन थडकली. अण्णांनी शेड बांधताना गाडीच्या मापानेच बांधली होती, वर जेमतेम हात जाईल एवढी जागा सोडून. आता तीही उरली नव्हती. गाडी बाहेर रस्त्यावर उभी करावी लागली आणि एकेक ट्रे पावसातून, चिखलातून, छातीशी धरून न्यावा लागला.

कामाला गावातल्या एका घरच्या दोघी जावा यायच्या. थोरली बोलकी, धाकटी गप्प. गाडीचा हौदा आता थोरलीच्या खांद्याला लागत होता. ट्रे वर चढवताना तिचे हात थरथरायचे आणि ट्रेमधलं पाणी बाह्यांतून आत काखेपर्यंत जायचं.

"दाजी, गाडी वाढतेय की आम्हीच बुटक्या होतोय?" ती म्हणाली. धाकटी तोंडाला पदर लावून हसली. तोही हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही.

वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचं चाक मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासायचं. खर्र असा आवाज यायचा आणि जळक्या रबराचा वास केबिनमध्ये भरायचा. चढाला तर गाडी म्हातारीसारखी कण्हायची. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये सहज जाणारा चढ आता पहिल्यातही जड जाई. घासणारा पत्रा कापून टाकायचं त्याने ठरवलं. थोरलीच्या घरून पत्रा कापायची कात्री आणली, आणि अण्णांना दिसू नये म्हणून गाडी घराच्या मागे नेऊन लावली. बायकोने पत्रा धरला, त्याने कापला. कात्री बोथट होती. कड सरळ निघेना, कुठे वाकली, कुठे दातेरी राहिली.

"कसला आवाज आहे?" अण्णांनी घरातून विचारलं.

तो बायकोकडे बघायला लागला.

"फाटकाचा पत्रा निघालाय, अण्णा," ती ओरडून म्हणाली. "ठोकतोय आम्ही."

मग हळू आवाजात त्याला म्हणाली, "सांगून टाका ना त्यांना. ओरडतील आणि गप्प बसतील."

"सांगतो. हा एवढा माल जाऊ दे."

"ती कड ठोकून आत वळवा. टोक राहिलंय तिथे."

"वळवतो."

हातोडा आणायला म्हणून तो उठला, तेवढ्यात टेकडीवरच्या मिरचीवाल्याचा फोन आला, आणि ते टोक तसंच राहिलं.

रोज सकाळी अण्णांना बाथरूममध्ये न्यायचं काम त्याचंच होतं. अण्णा त्याच्या मानेभोवती हात टाकायचे, तो त्यांच्या कमरेला विळखा घालायचा, आणि दोघं एका अंगाने सरकत सरकत जायचे. अण्णा अंगापिंडाने मोठे. त्यांचा सगळा भार खांद्यावर यायचा, त्यांचा श्वास कानाशी लागायचा. स्टुलावर बसवून तो पाठीवर पाणी घालायचा, प्लास्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा. सुरुवातीला अण्णांना फार संकोच वाटे. आता ते डोळे मिटून निवांत बसायचे.

"पोटचा मुलगा असता तरी याहून जास्त काय करणार होता," त्या सकाळी ते अचानक म्हणाले.

त्याने घाईघाईने तांब्या बुडवला. ओठांपर्यंत आलेलं पुन्हा आत गेलं.

त्याच दिवशी टेकडीवरच्या मिरचीवाल्याचा माल न्यायचा होता. भर पावसात रस्त्यावर गाडी भरायची म्हणजे घाई. वरच्या फळीवरचे ट्रे नीट बांधले गेले नाहीत.

"तू मागे बस," तो बायकोला म्हणाला. "वरचे ट्रे हाताने धर. हळू चालवतो."

ती मागे चढली. एक पाय चाकावर, एक हात साखळीला, साडी ओली होऊन पायाला चिकटलेली. चढताना दोनदा घसरली. थोरलीने खालून आधार देऊन तिला वर ढकललं.

टेकडीच्या रस्त्याला शेवटी एक अवघड वळण आहे, उजवीकडे आणि वर. त्याने पहिला गिअर टाकला आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. नेमकं तिथेच खड्ड्यात पुढचं चाक आपटलं. भरलेली गाडी खाली दबली. एक फाटल्यासारखा आवाज झाला आणि लगेच बंदुकीसारखा बार. स्टिअरिंग हातातून हिसका मारून सुटलं. गाडी मागे घसरत जाऊन डोंगराच्या बाजूच्या गटारात टेकली. दुसऱ्या बाजूला दरी नसली तरी चांगला उतार होता. तिकडे गेली असती तर काय झालं असतं, हे पुढे कितीतरी दिवस त्याच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

तो खाली उतरला तेव्हा रस्ताभर मिरचीची रोपं पसरली होती. मुळांशी मातीचे गोळे तसेच धरून, हिरवीगार. त्यांच्यामध्ये बायको बसली होती. डावं मनगट उजव्या हाताने धरून.

"लागलं?"

"हात," ती म्हणाली. "रोपं उचला आधी. गाडी आली तर तुडवली जातील."

मनगट बघता बघता सुजत होतं. त्याने पुढचं चाक पाहिलं. टायरच्या बगलेत वीतभर लांब फट पडली होती, सुरीने कापावी तशी. वर मडगार्डचं ते वाकडं टोक रबराने काळं झालेलं.

जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली. बुटकं चाक बसलं तशी गाडी त्या अंगाला कलली, एका पायाने अधू माणसासारखी. मिरचीवाला वरून मोटारसायकलवर आला, उरलेले ट्रे बघून त्याने नुसती जीभ टाळूला लावून चुकचुक केलं. चांगले निघाले तेवढे घेतले. बाकीच्यांचं काय करायचं हे त्यानेही विचारलं नाही, यानेही नाही.

दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घालून ते परतले तेव्हा दिवस कलला होता. पेठेतून जाताना ती कललेली गाडी सगळ्यांनी पाहिली. गिरणीवाल्याने तर काट्यावरचं पोतं तसंच सोडलं आणि कपडे झटकत मागोमाग घरापर्यंत आला. काय झालं म्हणून विचारायला. माणूस वाईट नव्हता, फक्त चौकस होता.

अण्णांना सासूबाईंनी आणि थोरलीने दोन्हीकडून धरून दारात खुर्चीवर आणून बसवलं होतं. गाडी अंगणात येऊन थांबली. अण्णांनी आधी मुलीचा हात पाहिला. मग त्यांची नजर चाकांवर गेली. तीन उंच आणि एक बुटकं. त्यांना काही विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

"कुणी बसवले हे?"

तो जॅकचा दांडा हातात घेऊन उभा होता. तो त्याने खाली का ठेवला नव्हता कुणास ठाऊक. तोंड उघडलं, पण आतून काही येईना. आणि त्याच्याआधी बायको बोलली.

"मी सांगितलं, अण्णा. ते नको म्हणत होते. मीच हट्ट केला. माल अडला होता."

"तू?"

"हो."

"आणि त्याच साइजचे म्हणून मला सांगितलं ते?"

"तेही मीच सांगायला लावलं."

अण्णा इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बोलले. पडून पडून माणूस आधीच कातावलेला असतो. "तुला कुणी विचारलं होतं? गाडीतलं तुला काय कळतं? एवढी मोठी झालीस, संसाराला लागलीस, अक्कल कधी यायची? रोपं मातीत घातलीस, हात मोडून घेतलास, आणि वर दुसऱ्याच्या पोराचा जीव टांगणीला लावलास! त्याच्या आईबापाला मी काय तोंड दाखवलं असतं?"

ती खाली मान घालून उभी होती. दंडाला, केसांना वाळलेला चिखल. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं. सासूबाई दारात, दोघी जावा खांबाला टेकून, गिरणीवाला फाटकात.

मग अण्णा त्याच्याकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"जावईबापू, तुम्हाला काही लागलं नाही ना?"

"नाही," तो म्हणाला.

एवढा एकच शब्द तो त्या वेळी बोलला. पाय जमिनीत गेले असते तर बरं, असं त्याला वाटलं. पण ते कुठे गेले नाहीत. त्याच पायांनी चालत जाऊन त्याने जॅक जागेवर ठेवला, हात धुतले आणि जेवायलाही बसला. घास तोंडात फिरत राहिला.

बायको त्याला काहीच म्हणाली नाही. हेच त्याला सोसवेना. ती नेहमीसारखी बोलायची, चहा झाला का विचारायची, उजव्या हाताने जमेल ते काम ओढायची. तिची वेणी सासूबाई घालायच्या आणि घालता घालता पुटपुटायच्या, "नसत्या भानगडी करायला सांगितलं होतं कुणी?" ती ऐकून घ्यायची. तो ओसरीवर बसलेला असायचा. बोलणी तिला आणि कान याचे जळत. अण्णा तिच्याशी कामापुरतं बोलायचे, आणि त्याच्या ताटात मात्र जास्त वाढायला सांगायचे.

गाडी शेडमागे दगडांवर चढवून ठेवली होती. माल भाड्याच्या टेम्पोने जात होता. जुन्या साइजचे टायर यायला अजून वेळ होता.

शेवटी एका सकाळी, अण्णांच्या पाठीवर पाणी घालता घालता, तो बोलला. समोर त्यांचा चेहरा नव्हता, ओली पाठ होती. म्हणूनच जमलं.

"अण्णा, ते टायर मी बसवले होते. तिने नाही सांगितलं. बसवून आणेपर्यंत तिला माहीतही नव्हतं."

अण्णा हलले नाहीत.

"मग ती तसं का म्हणाली?"

"मला वाचवायला."

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसलो."

नळाचं पाणी बादलीत पडत होतं. बादली भरून वाहू लागली तरी दोघांपैकी कुणी नळ बंद केला नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "मला खाटेवर न्या."

उठताना त्यांनी त्याच्या मानेत हात घातला नाही. भिंत धरली. भिंत ओली होती, हात सरकत होता, तरी भिंतच धरली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना हाक मारली. सासूबाई अंगाने चिमूटभर. दोघांचं ते धडपडणं, स्टूल सरकल्याचा आवाज, सासूबाईंचं दमून "अहो, धरा नीट" म्हणणं, हे सगळं तो बंद दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. आत जायची त्याची छाती झाली नाही.

त्याला वाटलं होतं, सांगितलं की मन हलकं होईल. ते झालं नाहीच, वर बायको त्याच्यावर पहिल्यांदा चिडली.

"अण्णांना काय सांगितलंत?" शेडमागे त्याला गाठून तिने विचारलं.

"खरं ते सांगितलं."

"कुठे?"

"बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये." ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला बोलणी चारचौघांत बसली, आणि तुम्ही खरं बोललात ते बाथरूममध्ये. दार लावून."

तो दगडांवर चढवलेल्या गाडीकडे बघू लागला.

"आता अण्णा माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. आधी रागाने बघायचे तरी. आता त्यांना कळलंय की मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, आणि त्यांनी उगाच मला सगळ्यांपुढे झोडपलं. त्यांनाही तोंड वर करता येत नाही आणि मलाही नाही. मोकळे कोण झाले? तुम्ही."

"मी नाही झालो मोकळा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिचा आवाज जरासा खाली आला. "त्या वेळी बोलायचं होतं. एक शब्द. मी वाट बघितली होती. मी बोलले तरी तुम्ही मध्ये बोलाल, असं मला वाटलं होतं."

तिने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरला आणि गेली.

ती वाट बघत होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अंगणातला तो क्षण त्याने शंभरदा आठवला होता, पण प्रत्येक वेळी स्वतःलाच बघितलं होतं. ती खाली मान घालून उभी होती तेव्हा ती ऐकत होती, बोलणी नव्हे, त्याचा आवाज येतो का ते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दोघी जावा ट्रे भरत होत्या, सासूबाई बियांचे पुडे मोजत होत्या. घराची खिडकी उघडी होती. तो आत गेला आणि उभा राहिला. कसं सुरू करायचं हे रात्रभर जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

"टायर मी बसवले होते," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा आला. "तिचा काही संबंध नव्हता. अण्णांना खोटं मी सांगितलं. आणि त्या दिवशी ती बोलणी खात होती तेव्हा मी अंगणातच उभा होतो आणि गप्प बसलो."

थोरलीने हातातलं खत ट्रेमध्ये सोडलं. धाकटीकडे बघितलं.

"आम्हाला ठाऊक होतं, दाजी," ती म्हणाली. "कात्री आमच्याच घरून नेलीत की."

"मग बोलला का नाहीत?"

"ताईंनी एवढं अंगावर घेतलं. आम्ही कशाला उघडं पाडायचं? आणि तुम्ही तिथेच होता."

धाकटी, जी कधी बोलत नसे, ती खाली बघून म्हणाली, "आम्ही तुमच्याकडेच बघत होतो."

सासूबाईंच्या हातातले पुडे तसेच राहिले होते. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, एकदा मुलीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि उठून घरात गेल्या. खिडकीआड खाट करकरली, कुणीतरी कुशीवरून उठून बसल्यासारखी.

राहिला गिरणीवाला. तो बाहेरचा. त्याला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं वाटेत त्याच्या मनात चारदा आलं. गिरणी जोरात चालू होती. पोती घेऊन बायामाणसं ओळीने बसली होती. सगळं पांढरं, गिरणीवाल्याच्या भुवयासुद्धा.

"टायर मी बसवले होते," तो म्हणाला.

"काय?"

"टायर! मी बसवले!"

"ऐकू येत नाही!"

"टायर मी बसवले होते! तिने नाही!"

गिरणीवाल्याने हात वर करून थांबायची खूण केली आणि स्विच बंद केला. पट्टा फडफडत थांबला. एकदम इतकं शांत झालं की कुणीतरी पोत्याची गाठ सोडत होतं तेही ऐकू आलं. सगळी ओळ त्याच्याकडे बघत होती.

"हां, बोला आता," गिरणीवाला म्हणाला.

आता ओरडायची गरज नव्हती, आणि हळू बोलणं जास्त अवघड होतं. पण तो बोलला. सगळं. टायर, खोटं, कापलेला पत्रा, आणि आपलं गप्प बसणं. बोलताना त्याचे कान इतके तापले की पिठाचे कण त्यांना चिकटलेले त्याला जाणवत होते.

"बरं," गिरणीवाला म्हणाला. "पण हे मला कशाला सांगता?"

"तुम्ही तिथे होतात."

"हो. होतो." गिरणीवाल्याने वळून स्विच लावला आणि गिरणी पुन्हा घरघरू लागली. ओळीतली एक म्हातारी जरा सरकली आणि तिने त्याला जायला वाट दिली. पेठेतून परतताना त्याला एकाने नेहमीसारखी जावईबापू म्हणून हाक मारली. त्याने ओ दिली आणि पुढे चालू लागला. गावात हे जेवणाआधी पोचणार होतं, त्याला माहीत होतं.

तो परतला तेव्हा बायको अण्णांच्या खोलीतून बाहेर येत होती. डोळे लाल. काखेत अण्णांची उशी.

"त्यांनी दिली," ती म्हणाली. "हात ठेवायला."

"आणखी काही म्हणाले?"

"नाही." तिने काखेतली उशी सारखी केली. "रडले."

त्याच्याबद्दल काही म्हणाले का, हे त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही अण्णांनी सासूबाईंनाच हाक मारली. तो दाराबाहेर उभा राहिला, स्टूल घसरल्याचा आवाज आला तेव्हा आत शिरला आणि त्याने मागून धरलं. अण्णांनी भिंतीवरचा हात काढला नाही. पण त्याला जा असंही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी जुन्या साइजचे टायर आले. त्याने ते स्वतः उतरवून घेतले, चाकं चढवली, मडगार्डची कड हातोडीने ठोकून आत वळवली आणि तिच्यावरून अंगठा फिरवून फिरवून बघितला. तीन उंच टायर भिंतीला टेकून राहिले.

शेडमध्ये वांग्याचं बी टाकायचं होतं. बायको पाटावर बसली होती. अण्णांची उशी मांडीवर, उशीवर प्लास्टरचा हात. उजव्या हाताने ती एकेका खळग्यात बी टाकत होती, पण वरून खत लोटून दाबायला दुसरा हात नव्हता. दोघी जावा पलीकडच्या ओळीत होत्या. त्या बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या.

"अहो," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "इकडे बसा. मला एका हाताने जमत नाही."

तो तिच्यासमोर चिखलात मांडी घालून बसला. ट्रे दोघांच्या मध्ये. ती बी टाकायची, तो चिमटीने खत लोटून बोटाने दाबायचा. मान त्याने वर केली नाही. त्याला फक्त तिची बोटं दिसत होती, काळी, ओली, न थांबणारी.

"जोरात दाबू नका," ती म्हणाली. "मग वर यायला त्रास होतो त्याला."

त्याने बोट हलकं केलं.

"हां. असं."

आणि तिने पुढच्या खळग्यात बी टाकलं.